मागल्या दारचे खुराडे

कोरगावच्या आमच्या घरात कोंबड्यांचे खुराडे पुढच्या पडवीत मी कधीच पाहिले नाही. ते मागल्या दारी, न्हाणीच्या भिंतीला टेकून. लग्न होऊन मी डिचोलीहून इथे आले तेव्हा मला याचे नवल वाटले. माहेरी खुराडे पुढे असायचे. कोल्ह्याची चाहूल लागली की पडवीत निजलेला कोणीतरी काठी घेऊन उठायचा. मी सासूबाईंना विचारले. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोलो रातचो येता गे. सोजीर दिसाचे येताले."

सोजीर म्हणजे पोर्तुगीज अमदानीतला शिपाई. आमचा पेडणे महाल गोव्याच्या सरहद्दीचा. उत्तरेला तेरेखोल नदी, पलीकडे सावंतवाडीचा मुलूख. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढवला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्या दिवसांत इकडच्या गावांतून गस्त फिरायची. गोरे असत, त्यांना लोक पाखले म्हणत. मोझांबिकहून आणलेले शिपाईही असत, आणि त्यांना तरी कोणी विचारून बोटीत बसवले होते? दुपारी ऊन टाळायला ही मंडळी एखादी बरी पडवी बघायची. बंदुका खांबाला टेकवायच्या, बूट न काढता बाकावर बसायचे. आधी पाणी, मग शहाळी, मग अंडी. कोंबडी नजरेला पडली तर कोंबडी. पैसे कधी मिळत, कधी नाही. रात्रीचा मुक्काम कोणी केला नाही. पण पडवीत बसलेल्या बंदूकवाल्याला "आता उठा" म्हणायचे कोणी? सासऱ्यांनी म्हटले नाही. सासूबाईंनी खुराडे हलवले.

मी जन्मभर मराठी शिकवले. तरी शिपायाने असे परक्याच्या घरात येऊन राहण्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, ते मला एका शब्दात सांगता येत नाही. इंग्रजीत त्याला बिलेट म्हणतात. या शब्दाचा पहिला अर्थ चिठ्ठी. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'बुला' आहे, म्हणजे कागदाला लावायचा शिक्का. फौज गावात शिरली की अधिकारी घरागणिक चिठ्ठ्या लिहायचा. या घरी दोन शिपाई, त्या घरी एक शिपाई आणि एक घोडा. शिपाई चिठ्ठी घेऊन दारात उभा राहायचा, घरधन्याने ती घ्यायची आणि खाट दाखवायची. पुढे चिठ्ठीचे नाव मुक्कामालाच पडले. पोर्तुगीज भाषेतही हीच गोष्ट घडली. त्यांचा 'बोलेतु' त्याच शिक्क्याच्या कुळातला आणि त्यावरून 'आबोलेतार' म्हणजे शिपायाला लोकांच्या घरी उतरवणे. रेडिओवरचे बातम्यांचे बुलेटिनही याच बुलाचे नातवंड.

चिठ्ठी ही वस्तू मला महत्त्वाची वाटते. चिठ्ठी आली म्हणजे जुलूम संपला असे नाही. पण किती माणसे, किती दिवस, कोणाच्या हुकमाने, हे कागदावर येते. कागदावर आले की त्यावर भांडता येते. युरोपातले लोक भांडलेही. १६२८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने राजा पहिला चार्ल्स याच्यापुढे हक्कांचा अर्ज ठेवला. त्यात रयतेच्या घरांत तिच्या मर्जीविरुद्ध सैनिक घुसवल्याची तक्रार ठळक होती. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर १६८१ पासून हे एक हत्यारच करून टाकले. प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या घरी दांडगे घोडेस्वार उतरवायचे आणि कुटुंबाने धर्म बदलेपर्यंत हलवायचे नाहीत. मारायला नको, तुरुंगात घालायला नको. नुसते घरात बसवायचे. स्वयंपाकघर चालवलेल्या कोणत्याही बाईला हा जाच समजावून सांगावा लागणार नाही.

पोर्तुगिजांची गोष्ट यापेक्षा गमतीची आहे. नेपोलियनची फौज लिस्बनच्या दारात आली तेव्हा त्यांचा राजपुत्र दों जुआंव सगळा दरबार जहाजांवर चढवून ब्राझीलला पळाला आणि मार्च १८०८ मध्ये रिओ द जानेरोला उतरला. हजारो दरबारी, घरे कुठून आणायची? मग चांगली चांगली घरे हेरून त्यांच्या दारांवर दोन अक्षरे रंगवली, पे आणि एर. म्हणजे प्रिंसिप रेजेंत, युवराज-कारभारी यांच्यासाठी ताब्यात घेतलेले घर. रिओच्या लोकांनी त्याच दोन अक्षरांतून पोर्तुगीजमध्ये दुसरे वाक्य काढले: 'चला, रस्त्यावर व्हा.' ज्याचे घर गेले त्याच्याकडे एवढी एक कोटी उरली होती.

अमेरिकेबद्दल मात्र एक गैरसमज आहे. इंग्रजांनी १७६५ च्या कायद्याने वसाहतवाल्यांच्या राहत्या घरांत शिपाई कोंबले असे पुष्कळ जण समजतात. त्या कायद्यात क्रम असा होता: आधी बराकी, मग खाणावळी आणि दारूगुत्ते, ते पुरले नाहीत तर रिकामी घरे, कोठारे. भांडण मुख्यतः खर्च कोणी करायचा यावर होते. तरी राग एवढा साठला की स्वतंत्र झाल्यावर, १७९१ मध्ये, त्यांनी घटनेला तिसरी दुरुस्ती जोडली: शांततेच्या काळात घरधन्याच्या संमतीवाचून कोणाच्याही घरात सैनिक ठेवायचा नाही.

आता आपल्याकडे या. आपली भाषा काही लष्कराला अनोळखी नाही. तळ आहे, गोट आहे, मुक्काम आहे. छावणी हा तर फार सुंदर शब्द. छावणे म्हणजे गवताने, पेंढ्याने छप्पर घालणे, ज्याला आम्ही घर शाकारणे म्हणतो. मराठी फौजा दसऱ्याला सीमा ओलांडून मुलूखगिरीला निघत आणि पावसाळ्यात एका जागी छपरे घालून राहत, ती छावणी. बिऱ्हाड हा शब्द कानडी 'बिडार'वरून आलेला आणि त्याचाही जुना अर्थ पडाव, मुक्काम. आज ज्या बिऱ्हाडकरूकडून आपण भाडे घेतो त्याच्या नावात कधी काळचा तंबू आहे. रेल्वे क्वार्टर, पोलीस क्वार्टर हेही असेच. क्वार्टर म्हणजे आधी शहराचा भाग, मग त्या भागात उतरलेल्या फौजेची राहण्याची जागा. पणजीत पोर्तुगीज शिपायांच्या ठाण्याला क्वार्तेल म्हणत, तोही याच घराण्यातला.

हे सगळे शब्द बाहेरचे आहेत पाहा. मैदानातले, नदीकाठचे, गावकुसापलीकडले. शिपाई उंबरठा ओलांडून आत आला की मराठीची शब्दसंपत्ती एकदम आटते. उरते एक साधे क्रियापद, उतरणे. "कुठे उतरलात?" असे आपण पाहुण्याला विचारतो. जावई उतरतो, हरिदास देवळात उतरतो, आणि "शाळेत पोलीस उतरलेत" असेही आपण म्हणतो. शिपायालाही आपण पाहुण्याचेच क्रियापद दिले. कोंबडी दोघांसाठीही कापली जाते. पाहुण्यासाठी खुराडे घरची माणसे उघडतात, एवढाच काय तो फरक, आणि तो क्रियापदात दिसत नाही.

मग आपल्याकडे ही गोष्ट नव्हती काय? होती, आणि फार जुनी होती. तिचे नाव मला शोधता शोधता सापडले ते उलट्या बाजूने, नकारात.

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा एक लेख आहे, त्याच्या राज्याच्या १८व्या वर्षातला. आधी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत राजा त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना देतो आणि त्या शेताला काही सवलती देतो. त्यांतली पहिलीच सवलत 'अपावेस'. प्राकृत शब्द, संस्कृतात अप्रावेश्य. आत शिरायचे नाही. राजाच्या माणसांनी, शिपायांनी या जमिनीत पाऊल ठेवायचे नाही. गंमत अशी की हा हुकूम सुटला कुठून, तर वैजयंती सेनेच्या विजयी तळावरून. लेखातच तसे म्हटले आहे. फौजेच्या मुक्कामातून राजा लिहितो आहे की माझी फौज इथे शिरणार नाही. आपली फौज गावात काय करते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पाचव्या शतकात विदर्भातले वाकाटक राजे आणखी तपशिलात उतरतात. दुसऱ्या प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट घ्या. चम्मक हे अचलपूरजवळचे गाव, त्या वेळचे चर्मांक. ते एक हजार ब्राह्मणांना दान दिले. सवलतींत एक लांबलचक समास आहे: अभटच्छात्रप्रावेश्य. भट म्हणजे सैनिक, छात्र म्हणजे शिपाईगडी, त्यांना आत यायला मनाई. पुढे आणखी बारकावे. फिरतीवरच्या सरकारी माणसांना गुरांसाठी चारा द्यावा लागणार नाही, बसायला कातडे द्यावे लागणार नाही, कोळसा द्यावा लागणार नाही. पाळीपाळीने गाई-बैल पुरवावे लागणार नाहीत.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. चारा, बसायला काहीतरी, चुलीला कोळसा. पाणी, शहाळी, अंडी. दीड हजार वर्षांत यादी फारशी बदललेली नाही. नंतर हसू गेले. चम्मकला माफी मिळाली म्हणून तिथे काय काय घेतले जात होते ते आपल्याला कळते. शेजारच्या ज्या गावाला माफी मिळाली नाही, त्याने चारा दिला, कातडे दिले, कोळसा दिला आणि त्याचा ताम्रपट कोणी कोरला नाही. सुटलेल्यांच्या तोंडी शब्द आला, न सुटलेल्यांना तो लागलाच नाही. आपल्या भाषेत या गोष्टीला नाव का नाही याचे माझे उत्तर हे असे आहे. भाषाशास्त्रज्ञ मला खोडून काढू शकतील, पण खुराड्याची जागा त्यांनी आधी समजावून द्यावी.

शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असते. राज्याभिषेकाच्या थोडे आधीचे. भाजीच्या देठालाही हात लावू नका, एवढीच त्याची ओळख उरली आहे आणि ती भाषणात वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. पत्र नीट वाचले तर ते कोठीवाल्याने लिहावे तसे हिशेबी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणा-गवत आताच मनाला येईल तसे उधळाल तर ऐन पावसात संपेल. मग घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल. कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजीपाला. मग कुणबी घर सोडून जातील, आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे असे म्हणतील. हवे ते बाजारातून विकत घ्या. पुढे आगीची काळजी: गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, विस्तव घेऊन फिरू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळी छावणी जळेल.

शिपाई वाईट असतो म्हणून घरात शिरतो, असे या पत्रात कुठेच नाही. तो शिरतो कारण त्याची कोठी रिकामी झालेली असते. उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करणारा माणूस हे ओळखून होता. हेही हुकूमपत्र मनाईचेच, म्हणजे पुन्हा नकार. आणि यातही कुणब्याचा आवाज आहे तो असा, की तो काय म्हणेल हे राजा सांगतो.

आमचा पेडणे महाल अठराव्या शतकात सावंतवाडीकर भोसले आणि पोर्तुगीज यांच्या ओढाताणीत सापडलेला. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हळर्णचा किल्ला घेतला आणि त्यावरून मार्किस द आलोर्न ही पदवी मिळवली. पेडणे कायमचे त्यांच्याकडे गेले ते १७८८ मध्ये. एवढ्या वेळा हात बदलणाऱ्या मुलखात पडव्यांवर कोणकोण बसून गेले असेल याचा हिशेब करू नये. पुढे नेपोलियनच्या धास्तीने इंग्रजांची पलटण गोव्यात येऊन राहिली, पण ती काबो, आग्वाद असल्या जागी. तिच्यातले जे परत गेले नाहीत त्यांच्यासाठी दोनापावलाला इंग्रजांची दफनभूमी झाली, ती अजून आहे.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर आलेली फौज १९६१ ची. मी आठ वर्षांची, डिचोलीत. १८ डिसेंबरच्या पहाटे पोर्तुगिजांनी माघार घेताना पूल उडवले, त्यांत डिचोलीचाही. त्या आवाजाने घरातली भांडी फळीवरून पडली. ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५०वी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गच्या बाजूने आत आली होती. उजाडल्यावर आमच्या पायरीशी दोन जवान थांबले. आईने दाराची एकच फळी उघडली. त्यांतला एक म्हणाला, "ताई, पानी मिळंल का?" आमच्या कानाला सवय नसलेली, घाटावरची मराठी. पण मराठी. आईने दोन्ही फळ्या उघडल्या, "आत या, बसा" म्हणाली. तो म्हणाला, "नको, बुटाला चिखल हाय." पायरीवरच बसला, तांब्या वर धरून पाणी प्यायला, दिलेले गूळ-खोबरे सोबत्याला अर्धे दिले आणि गेला.

आई ही गोष्ट पुढे चाळीस वर्षे सांगत होती. गोवा मुक्त झाला, राज्य बदलले, हे तिच्या सांगण्यात शेवटी यायचे. आधी यायचे ते "भितर आयलो ना". एका तांब्यावरून फौजेचा स्वभाव ठरवू नये हे मला कळते. लढाई ३६ तासांच्या आसपास आटोपली, कोठ्या भरलेल्या होत्या, लोक आनंदात होते. महिनाभर अडकून पडलेली उपाशी पलटण असती तर चिखलाच्या बुटांचे काय झाले असते, ते चिपळूणच्या पत्रात लिहिलेले आहे.

कायद्याने आता शिपाई आपल्या घरात येत नाही. इंग्रजांनी छावण्यांपुरता १९०२ मध्ये आणि पुन्हा १९२३ मध्ये कायदा केला होता. पुण्याच्या लष्करासारख्या भागात लष्करी अधिकाऱ्यासाठी खासगी बंगला भाडेपट्ट्याने द्यायला मालकाला भाग पाडता यायचे. तिथे निदान भाडे होते.

राहिल्या शाळा. शाळा म्हणजे गावाची पडवी, तिला खांब आहेत, बाके आहेत, पाण्याचा नळ आहे आणि "उठा" म्हणणारे कोणी नाही. मी नोकरीत होते तेव्हा निवडणूक आली की बंदोबस्ताची तुकडी आमच्या वर्गांत उतरायची. लांबून आलेली, दमलेली, बहुतेक विशी-पंचविशीतली पोरे. बाके जोडून त्यांवर निजत. फळ्यावर त्यांच्या पहाऱ्याच्या पाळ्या लिहिलेल्या असत. ते गेल्यावर सहावीतल्या एका मुलीला डेस्कात तुटका कंगवा सापडला आणि तिने तो दिवसभर कंपासपेटीत जपून ठेवला. त्या शिपायांनी कोणाचे काही नेले नाही. उलट एकाने आमचा बिघडलेला नळ दुरुस्त केला. पण मुलांचे चार दिवस गेले, आणि त्यांना वर्ग कोणी विचारला नव्हता. छत्तीसगडमध्ये हे चार दिवसांवर राहिले नाही. तिथल्या शाळा आणि आश्रमशाळा सुरक्षा दलांनी रिकाम्या कराव्यात असे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. अप्रावेश्य. नाशिकच्या भिंतीवर कोरलेले आणि दिल्लीहून आलेले, मला तरी एकाच जातीचे वाटतात.

एक मागणे आहे. सावंतवाडी, सत्तरी, पेडणे, बेळगाव, कोल्हापूर, जिथून जिथून फौजा गेल्या तिथल्या घरांत या गोष्टीला काही शब्द असणार. कोणाच्या आजीचा, कोणाच्या गड्याचा. कोशात नसेल, सभ्यही नसेल. तो विचारून घ्या आणि लिहून ठेवा.

आमच्या घरी कोंबड्या आता नाहीत. सासूबाई गेल्यावर हौस कोणाला राहिली नाही. खुराडे अजून मागल्या दारीच आहे, त्यात आम्ही जळणाला नारळाची सोडणे ठेवतो.